समुद्र नसलेल्या गावात

दाताच्या दवाखान्यात चौदा वर्षं म्हणत आले,
'घाबरू नका, काही होत नाही.'
कुणाचीच मूठ त्यानं सुटली नाही.
मग बिराजदार सरांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं:
सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
अकरा जण, एक पंखा,
आणि संमोहनाची बत्तीस पानी वही.

पहिल्या आठवड्यात मांजराला झोपवलं.
ते आधीच झोपलेलं होतं, पण मी ते धरलं.
दुसऱ्या आठवड्यात भाऊ.
रेवण पाचावर येता येता फिसकन हसला,
'ताई, फलाट क्रमांक चार, तुळजापूर!'
रागावले. रात्री स्वतःलाच रेकॉर्ड करून ऐकलं.
खरंच, तुळजापूरची गाडी लागली होती.

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी, तेही पहाटे.
रिकाम्या पिंपाशी वाट बघत मी मोजायला लागले,
दहा... नऊ...
पिंप माझा आवाज परत द्यायचं, थोडा जाड करून.
त्यानंच शिकवलं,
वाक्य संपलं की खाली ठेवायचं असतं,
भरली घागर ठेवतात तसं.

मल्लेशम अण्णा गुंडेटी माझे पहिले खरे.
साखर पेठेतले. एकेचाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी.
माग भंगारात गेले तेव्हापासून झोप नाही,
बाकी तपासण्या ठीक.
'फी किती?'
'मी शिकतेय अजून.'
'मग दोघं शिकू,' म्हणाले, आणि चप्पल काढून बसले.

पान सात. 'तुम्ही समुद्रकिनारी उभे आहात...'
'कुठल्या?' त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.
मी पान उलटलं. मागं ते लिहिलेलं नव्हतं.
'समुद्र बघितला नाही, अम्मा. सिद्धेश्वरचं तळं चालंल?'
चालेल म्हणाले, पण वहीत पुढं लाटा होत्या
आणि तळ्यावर भेळवाला आला, नातू आला,
कुणी जुना उसनवार आला;
अण्णा मिटल्या डोळ्यांनी सगळ्यांशी बोलत बसले.
उठताना म्हणाले, 'बरं वाटलं.'
दवाखान्यात म्हणतात तसं, दाराकडे बघत.

सरांना फोन केला. ते जेवत होते,
कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला.
'तू बोलत होतीस की ऐकत होतीस?'
एवढंच. मग चटणी कुठाय, असं कुणालातरी.

दुसऱ्या वेळी वही पिशवीतच राहिली.
'झोप लागायची तेव्हा काय ऐकू यायचं?'
अण्णा बोलले नाहीत. उजव्या बोटानं मांडीवर
खट्. खटाखट्.
धोटा या काठावरून त्या काठावर.
मी बोटाच्या मागं मागं गेले:
धोटा गेला, श्वास आत. धोटा आला, श्वास बाहेर.
बराच वेळ नुसती वीण.
मग पुटपुटले, 'दोरा तुटला.'

मला घाम फुटला.
जोडा म्हणू? असू द्या म्हणू?
काहीच म्हणाले नाही.
कुणाच्या तरी भीतीशेजारी
पहिल्यांदाच तोंड मिटून बसले.
अंगठा तर्जनीवर फिरला, एकदा, दोनदा.
विणकराची गाठ.
पुन्हा खट्, आता सावकाश.
आणि डावा हात, ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं,
उघडा पडला होता मांडीवर.

घरी झोपले की नाही, ठाऊक नाही.
मंगळवारी येतो म्हणालेत.

आज दवाखान्यात एक पोरगा, अक्कलदाढ,
खुर्चीला घट्ट धरून.
'घाबरू नका' जिभेवर आलं होतं.
गिळलं. विचारलं,
'कुठली मूठ जास्त आवळलीय रे?'
त्यानं दोन्ही मुठी वर घेऊन नीट बघितल्या
आणि ठरवायला बराच वेळ लावला.